आम्ही दोघी, एकच दुखणं

"तुमच्यात आता काही राहिलेलं नाही, ठणठणीत आहात," असं औरंगाबादच्या डॉक्टरांनी मला ज्या दिवशी सांगितलं, त्याच दिवशी माझी मोठी बहीण गेली. मी परतीच्या गाडीत होते. मांडीवर तिच्यासाठी घेतलेल्या मोसंब्यांची पिशवी होती आणि डोक्यात एकच घोळ, की हे घरी सांगायचं कसं? आपण बरे आहोत हे सांगायलाही धीर लागतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मानवत रोडला उतरले तर आमच्या गल्लीतला टांगेवाला जानीभाई फलाटावरच उभा. एरवी तोंडाचा फटकळ माणूस, भाड्यावरून हुज्जत घातल्याशिवाय लगाम हातात घ्यायचा नाही. त्या दिवशी त्यानं गुपचूप माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "बसा बाई. घरलाच जायचंय." मी विचारलं, "अक्का?" त्यानं घोड्याच्या पाठीवरून नुसता हात फिरवला. मोसंबी त्याच्या टांग्यातच राहिली.

अक्का म्हणजे गयाबाई. पालमजवळच्या एका खेड्यातल्या आम्ही दोघी सख्ख्या बहिणी, मानवतच्या दोन सख्ख्या भावांना दिल्या, म्हणून सख्ख्या जावाही झालो. तिचे यजमान, ज्यांना सगळं घर दादा म्हणतं, ते गल्लीतल्या देवीच्या देवळात पूजा करतात. आमचे हे बाजार समितीत कारकून, आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. एक आई, एक घर, एक चूल, एका विहिरीचं पाणी. फरक स्वभावात. मी तुसडी, आणि अक्का साऱ्या गल्लीची. कुणाच्या घरी बाळंतपण असो, कुणाचं पोर तापानं फणफणलेलं असो, भिंतीपलीकडून "गयाबाई, वो गयाबाई" अशी हाक आली की चुलीवरचं तसंच टाकून ही निघाली. "आले गं, आले!" हा आवाज पुढे, अर्धवट पायात अडकवलेल्या चपला मागे. मी चिडवायची, "अक्का, एखाद्या दिवशी चोर हाक मारील आणि तू त्यालाही आले म्हणशील." त्यावर ती म्हणायची, "म्हनंन की. त्येची बी काई नड असंल." अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

घरात देवळाची पूजा असल्यामुळे आमच्याकडे बाजूला बसणं फार कडक. ओसरीच्या कोपऱ्यात एक गोणपाट, वेगळं ताट, वेगळा तांब्या. त्या दिवसांत बाईनं आत यायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. अक्काचं ते सगळं केव्हाच संपलं होतं. मग एकाएकी तिला पुन्हा अंगावरून जायला लागलं. ती पदर तोंडावर घेऊन हसली, "बग शांते, मी पुन्ना तरनी झाले." आणि निमूटपणे कोपऱ्यात जाऊन बसली. दिवस पाळले, न्हाली, आत आली. थोड्याच दिवसांत पुन्हा कोपरा. पुढे पुढे मधली सुटीच राहिली नाही. मी परभणीला डॉक्टरीणबाईंकडे जाऊ म्हणून मागे लागले, तर म्हणते कशी, "थांबू दे की जरा. अशा अंगानं त्या बाईच्या म्होरं जाऊ? थांबलं, न्हाले, की जाऊ." रक्त थांबत नाही म्हणून दवाखान्यात जायचं, आणि दवाखान्यात जायला रक्त थांबायची वाट बघायची… आज हे लिहिताना डोकं भणभणतं. पण आमच्याकडच्या कितीतरी बायका ह्या घटकेलाही ओसरीच्या कोपऱ्यात बसून हीच वाट बघत असतील. शेवटी मी तिच्या अंगावर ओरडले, हाताला धरलं आणि एसटीत नेऊन बसवलं. "शिवलीस का गं मला?" एवढंच ती सबंध वाटेत पुटपुटत होती.

परभणीच्या डॉक्टरीणबाई अक्काला तपासून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. मग सहज विचारावं तसं त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला काही त्रास?" माझी कंबर दुखायची, अंगावरून पांढरं जायचं. दिवसभर फळ्यापुढे उभं राहिल्यावर होणारच, असं मी धरून चालले होते. त्यांनी मलाही आत घेतलं. दोघींना औरंगाबादला पाठवलं, दोघींच्या गाठींचे तुकडे काढून तपासले, आणि दोघींना एकच नाव मिळालं, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. त्यात माझी गाठ तिच्याहून मोठी. हे कळल्यावर अक्का आपलं दुखणं विसरली. डॉक्टरांपुढे हात जोडून म्हणाली, "माजं ऱ्हाऊ द्या साहेब, हिचं आदी बगा. ही ल्हान हाय."

आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. एकाच यंत्राखाली दोघींना किरणांचे शेक दिले जायचे, एकीनंतर दुसरी. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. मध्येच शहर बंद पडलं, यंत्र चालवणारा माणूस येऊ शकला नाही, तेव्हा जेवढे शेक माझे चुकले तेवढेच तिचे चुकले. नंतर ते दोघींचेही भरून काढले. अन्न जाईना तर दोघींना जाईना, ओकारी आली तर दोघींना. मी भिंतीकडे तोंड करून पडायची आणि अक्का मात्र पलीकडच्या खाटेवरची कुणी कण्हली की, "आले गं," म्हणून उठायची. नर्स रागावायची. "गयाबाई, तुम्ही पेशंट आहात!" तर ही तिलाच विचारायची, "व्हय माय, पन तुजं जेवन झालं का?"

घरी आलो. अक्काचं रक्त थांबलं. ती डोक्यावरून न्हाली आणि आत आली. किती दिवसांनी ती चुलीपुढे बसली होती! तिनं धपाटे केले, सगळ्यांना वाढले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता पुन्ना त्या कोपऱ्यात न्हाई बसायचे मी." मला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं.

मग तिचा डावा पाय सुजायला लागला. कंबर अशी धरायची की तिला पाटावर बसता येईना. आणि एका सकाळी मी अंगणात आले तर ती आपली आपण कोपऱ्यात गोणपाटावर जाऊन बसलेली, तांब्या शेजारी.  

दुखणं परतलं होतं, आणि औरंगाबादला आता आणखी शेक देता येणार नव्हते. तिथल्या एका तरुण डॉक्टरला मी वऱ्हांड्यात गाठलं. मास्तरीण आहे, उत्तर मिळाल्याशिवाय सोडणार नव्हते. म्हटलं, एका आईच्या आम्ही, एकच दुखणं, एकच औषध, गाठ माझी मोठी, मग तिलाच का? तो बिचारा गडबडला. म्हणाला, "बाई, औषध अर्धं काम करतं, उरलेलं शरीर करतं. तुमचे दोघींचे तुकडे मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेत. तुमच्या गाठीभोवती पांढऱ्या पेशींची नुसती गर्दी झाली होती. लढणाऱ्या पेशी असतात त्या. ताईंच्या गाठीभोवती जवळजवळ कुणी आलंच नव्हतं." मी विचारलं, असं का? तो म्हणाला, "आईबापांकडून प्रत्येक लेकराला वेगळा वाटा येतो. एकीला आईचं नाक येतं, दुसरीला वडलांचं. तसंच हेही काहीसं जन्मानं येत असावं. नक्की कुणालाच माहीत नाही. आम्हालाही नाही."

कुणी आलंच नव्हतं… जी बाई साऱ्या गल्लीच्या हाकेला चुलीवरचं टाकून धावली, तिच्या स्वतःच्या आत गाठ वाढत होती आणि तिथे कुणी धावलं नाही. आणि मी, जी शेजारणीला पसाभर साखर देतानाही कुरकुरते, तिच्यासाठी गर्दी जमली. हा कुठला न्याय? मला त्या डॉक्टरचा राग आला, देवीचा आला, माझ्या स्वतःच्या अंगाचाही आला. अक्काच्या अंगात रक्त कमी झालं होतं, बाहेरून द्यायचं होतं. मी पुढे झाले, म्हटलं, माझं घ्या. माझ्या रक्तात त्या पेशी आहेत ना, त्या जाऊ देत तिच्यात. तो म्हणाला, "तुमचं नाही घेता येणार. तुम्ही स्वतः या आजाराच्या पेशंट. आणि बाई, घेतलं तरी ते असं होत नसतं." शेवटी आमच्या ह्यांचं रक्त तिला दिलं. मी खाटेशी बसून त्या नळीतून उतरणारे थेंब बघत राहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

गावात ज्याला त्याला कारण सापडलं होतं. कुणी म्हणे उशीर केला, कुणी म्हणे देवीचं सोवळं मोडलं असेल. पहिल्यांदा मी भांडायची, माझी गाठ मोठी होती म्हणून सांगायची. मग तेही सोडून दिलं.  एका सकाळी दादा पूजा आटोपून तीर्थ घेऊन आले आणि थेट तिच्या गोणपाटावर टेकले. जन्मभर त्या कोपऱ्यापासून चार हात लांब राहिलेला माणूस. अक्का कळवळली, "अवो, लांब ऱ्हावा, शिवाल की!" दादा म्हणाले, "देवीला इचारून आलोय." आणि तिचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन चोळत बसले.

माझी तपासणीची तारीख आली तेव्हा मी जाणारच नव्हते. अक्कानं धोशा लावला. तिचा आवाज अगदी खोल गेला होता. "तुजं बगून ये. एकीचं तरी चांगलं ऐकू दे मला. आन हे बग, चांगलं असलं तर गल्लीच्या तोंडापासूनच वरडत ये. मला हितं ऐकू येईल." हे आमचं शेवटचं बोलणं. जानीभाईचा टांगा गल्लीत शिरला तेव्हा दारापुढे माणसं उभी होती. मला ओरडता आलं नाही. तिला अंगणात ठेवलं होतं. मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं, अक्का, मला काही नाही. मग तिथेच बसून राहिले.

आज सव्वा महिना झाला. मासिक श्राद्धासाठी तिची लेक सुमन पालमहून आली होती, कडेवर लेकरू घेऊन. सगळं आटोपल्यावर आम्ही दोघी ओसरीवर बसलो. कोपऱ्यातलं गोणपाट दादांनी उचलू दिलेलं नाही, तांब्याही तिथेच पालथा आहे. तिकडे बघत सुमननं विचारलं, "मावशी, माज्यात आईचं किती आलं असंल गं?" डॉक्टरचं ते बोलणं मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, नाक तिचं आहे, हात तिचे आहेत. "ते न्हाई इचारायले मी," ती म्हणाली.  मी एवढंच म्हणाले, की माझ्याबरोबर परभणीला चल, तपासून घेऊ, दरवर्षी घेत जाऊ. "मला काईच तर न्हाई हुत," ती म्हणाली. मी म्हटलं, मलाही काही होत नव्हतं. ती हळूच म्हणाली, "बरं, जाऊ."

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारणीनं हाक मारली. "गयाबाई, वो गयाबाई…" सवयीनं तोंडातून गेली असणार, कारण पुढचे शब्द आलेच नाहीत. मी जागची हलले नाही. सुमननं लेकरू माझ्या मांडीवर टाकलं आणि उठली. "आले गं, आले!" अगदी अक्काचा आवाज. तोच सूर, तशाच अर्धवट अडकवलेल्या चपला. आतून दादा धावत दारापर्यंत आले आणि तिला पाहून चौकटीला धरून उभे राहिले. लोक कौतुकानं म्हणतात, पोर आईवर गेली.  तिच्या लेकराला छातीशी घट्ट धरून मी मात्र देवळाकडे तोंड केलं आणि जन्मात पहिल्यांदा देवीकडे हट्ट धरला. आवाज आईचा दिलास, बरं केलंस. रक्त तेवढं ह्या तुसड्या मावशीचं असू दे.