पाठ केलेली उत्तरं

औरंगपुऱ्यातल्या माझ्या क्लिनिकमध्ये चिकलठाण्याची एक आई सात वर्षांच्या लेकीला बुद्धिमापन चाचणीसाठी घेऊन आली. मी काही विचारायच्या आतच पोरगी घडाघडा म्हणू लागली, "गाईला पाय चार. केळं पिवळं. वार सात." शेजारणीच्या मुलाची चाचणी आधी झाली होती. तिच्याकडून प्रश्न काढून आईनं लेकीकडून उत्तरं घोकून घेतली होती.

माझं डोकंच फिरलं. "अहो, ही काय स्कॉलरशिपची परीक्षा आहे का?"

तिनं हात जोडले. "पास करा मॅडम. नाय तर हिचे पप्पा दोघींनाबी माहेरी धाडतील."

मी आईकडं बोट दाखवून पोरीला विचारलं, "ही कोण गं?"

पोरगी आईकडं बघत राहिली. आई नुसते ओठ हलवून उत्तर सुचवत होती.

"चार," पोरगी म्हणाली.