खळ्यावरची अक्षरे

सोजराबाई १९५६ साली रहाटणीच्या शाळेत आल्या, तेव्हा मी तिथे वर्षभरापासून शिकवत होते. माझ्या यजमानांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात नोकरी होती. सोजराबाई माण तालुक्यातल्या, विधवा, एकट्या. फार बोलत नसत. डबाही बहुधा उभ्यानेच खात.

पहिलीत अंबू नावाची मुलगी होती, पहिलीतच दुसऱ्या वर्षी बसलेली. पाटीवरचे 'म' आणि 'भ' तिला सारखेच दिसत. तिचे आजोबा अर्जुनराव सांगून गेले होते, "संक्रांतीपत्तूर वाचाया लागली तर ऱ्हाऊ द्या. न्हाई तर रानात माणूस कमीच हाय."

शाळेमागे खळे होते. मळणी सोडून ते रिकामेच असे. सोजराबाईंनी तिथे राखेने माणसाएवढा 'म' काढला आणि अंबूला रेघेवरून चालवले. चालताना अक्षर मोठ्याने म्हणायचे. माझ्या कॉन्व्हेंटात वाचताना पाठ ताठ आणि पाय जुळवलेले लागत, त्यामुळे मला तो खेळच वाटला. पण दिवाळीनंतर अंबू शब्द वाचू लागली.

कोणीतरी घरी सांगितले. अर्जुनराव तडक खळ्यावर आले.

"बाई, पुस्तकाला पाय लागला तर आमी पाया पडतो. आन तुमी पोरीला सरस्वती तुडवाया लावता?"

"चुकलं आबा. पुन्हा नाही होणार," सोजराबाई म्हणाल्या. राख त्यांनीच झाडून काढली.

संक्रांतीच्या आधी अर्जुनराव वाचन ऐकायला आले. अंबू उभी राहून वाचू लागली. "कमळ. भाकर."

"आमच्या घरात भाकर खानारेच समदे," ते हसून म्हणाले, "वाचनारी ही पैलीच!"

मग त्यांचे लक्ष खाली गेले. अंबूच्या पायाचा अंगठा सारवलेल्या जमिनीवर अक्षरे काढत होता.

"पायानं लिव्हतीस व्हय गं? खाली बस. मांडी घाल."

ती बसली. पुढचा शब्द 'मका' होता. ती पुस्तकाकडे पाहत राहिली.

"बोटाने काढ बाळ, हवेत," सोजराबाई म्हणाल्या.

अंबूने बोट वर केले. ते तसेच राहिले.

"बाई, तुमी लई कष्ट घेतलं," अर्जुनराव उठत म्हणाले. "पर पायात शिरलेली इद्या आमाला नगं."

ते अंबूला घेऊन गेले. सोजराबाईंनी पाटी पुसली आणि पुढच्या मुलाला बोलावले. त्या दिवसापासून सोजराबाई मुलांना उभे करून, अख्खा हात फिरवून हवेत अक्षरे काढायला लावत. जमिनीवर पुन्हा काही काढले नाही.

महिन्याभराने मी विचारले, "अंबूच्या घरी एकदा जाऊन यायचं का?"

"जाऊन आले," त्या म्हणाल्या. "चहा दिला त्यांनी. पोरगी रानात गेली होती."

घंटा झाली. आम्ही आपापल्या वर्गात गेलो.