बाहेरून कडी

कॉम्प्युटरवरच्या साहसाच्या खेळांत एक वाक्य हमखास भेटतं. तुमचा नायक मरत-पडत अंधाऱ्या भुयारातून एका दारापाशी पोचतो, तुम्ही दार ढकलता, आणि पडद्यावर अक्षरं येतात : हे दार या बाजूने उघडत नाही. संपलं. आता उलटं फिरा, विहिरीत उतरा, कोळ्यांच्या जाळ्यातून जा, दोन-चारदा मरा, आणि कधीतरी त्याच दाराच्या पलीकडे पोचा. तिथून ते एका बोटाने उघडतं. उघडल्यावर दिसतं की आपण जिथून निघालो, त्याच अंगणात आलो. अशा भुयाराला आम्ही खेळणारे डंजन म्हणतो, आणि ज्याला असं दार कुठे बसवायचं ते कळलं, त्यालाच डंजन बांधायची अक्कल आहे असं माझं मत आहे. हे मत मी कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसेल त्याला ऐकवतो. त्यामुळे माझ्या शेजारी हल्ली झोपणारेच बसतात.

मी चाकणला एका कंपनीत टूल डिझाइन करतो, राहायला काळेवाडीत. बस चाकणच्या चौकात अडकली की अडकली. खिडकीत तोच कंटेनर, त्याच्या मागच्या फळीवर तेच लिंबू-मिरची. याला मी लोडिंग म्हणतो. माझा कॉम्प्युटर जुना, त्यामुळे नायक मेला की पुन्हा उभा राहीपर्यंत मी कपड्यांच्या घड्या घालतो. पण खेळात निदान खाली एक पट्टी भरताना दिसते. चौकात पट्टी नाही.

आणखी एक खोड सांगून टाकतो, पुढे लागणार आहे. खेळ सुरुवातीलाच विचारतो, सोपा हवा, मध्यम की अवघड? मी कायम अवघड घेतो. खोलीत मी एकटा, बघायला कुणी नाही, तरी ‘सोपा’वर बोट ठेवायची लाज वाटते. कंपनीच्या मेसची भाजी जाळ तिखट झाली तरी नाकातलं पाणी पुसत ‘नाही नाही, बरोबर आहे’ म्हणणाऱ्यांतला मी.

तर त्या रविवारी मुलीकडचे आमचं घर बघायला येणार होते.

त्याआधी आम्ही राजगुरुनगरला त्यांच्या घरी जाऊन आलो होतो. मुलगी चाकणलाच, एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. आम्हाला गच्चीवर बोलायला पाठवलं. मी विचारलं, “काम काय असतं तुमचं?”

“माल रिजेक्ट करते,” ती म्हणाली. “दिवसभर.”

मी हसलो. ती हसली नाही. मग तिने माझ्या बायोडेटाचा कागद उलगडला. “छंद : वाचन. काय वाचता?”

तो कागद वडिलांनी तयार केला होता. त्यांच्या मते खेळ हा छंद नसून आजार होता. मी म्हणालो, “असंच… जे मिळेल ते.”

“शेवटचं काय मिळालं?”

मला एकाही पुस्तकाचं नाव आठवेना. खाली मान घालून मी गच्चीवरच्या टाकीवरचा मजकूर वाचत होतो. तिने ते पाहिलं आणि म्हणाली, “हो, तेही वाचनच.” आणि तेव्हा मात्र हसली. त्या हसण्यानंतर माझा निकाल माझ्यापुरता लागला होता. तिचा बाकी होता. घर बघून सांगतो, असं तिच्या मामांनी कळवलं होतं.

म्हणून रविवारी सकाळपासून आईने घर उपसलं. आमचं घर तीन खोल्यांचं, आणि आम्ही मराठवाड्यातून येताना आणलेली एकही वस्तू आईने आजवर टाकलेली नाही. पाहुण्यांसाठी घर आवरायचं म्हणजे सगळं मागच्या खोलीत कोंबायचं. पत्र्याच्या पेट्या, मोडकी शिलाई मशीन, गाद्या, वडिलांचे कंपनीतले जुने बूट, घंगाळं. मागची खोली म्हणजे माझी खोली. घंगाळं थेट माझ्या पलंगावर.

दुपारी जेवण झाल्यावर मी आत गेलो ते फक्त सेव्ह करायला, देवाशपथ. आदल्या दिवशी मी खेळ नुसता थांबवून ठेवला होता. या खेळात कुठेही सेव्ह होत नाही. डंजनमध्ये दिवे असतात, त्या दिव्यापाशी पोचलं तरच तिथवरचं जमा होतं. मी एका पायऱ्यांच्या विहिरीत होतो, मागचा दिवा पार वर राहिलेला आणि पुढचा कुठे आहे ते माहीत नाही. दाढी झाली होती, आंघोळ बाकी होती, अंगात बनियन आणि गुडघ्याला रंग लागलेली हाफ पँट. म्हटलं, एक दिवा गाठू आणि उठू. हेडफोन लावला.

आईने दारातून काहीतरी विचारलं. नंतर कळलं ते असं : “ते लोक गल्ली चुकतील, चौकात जाऊन घेऊन येतोस ना रे?” मी विहिरीतल्या एका बुटक्या राक्षसाशी झगडत म्हणालो, “आलोच!”

आता हे ‘आलोच’. जाणाराही हेच म्हणतो आणि न हलणाराही हेच म्हणतो. मी दुसऱ्या अर्थाने म्हटलं, आईने पहिल्या अर्थाने घेतलं. ती गॅसवर पोहे टाकायला गेली, परत येऊन बघते तर पेट्यांच्या थप्पीमागे मी दिसत नाही. पोरगं गेलं चौकात, असं समजून तिने खोलीचं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. पाहुण्यांनी चुकूनही आत डोकावू नये म्हणून.

मला कळलं तेव्हा मी विहिरीच्या तळाशी एका दारापाशी पोचलो होतो. पडद्यावर अक्षरं आली : हे दार या बाजूने उघडत नाही. मी वैतागून हेडफोन काढला, आणि बाहेरच्या खोलीत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. पाहुणे आले होते. पत्ता त्यांना एका दुकानदाराने बरोबर सांगितला होता.

मी दारापाशी गेलो. ओढलं. दार हललं नाही.

“मुलगा?” हा मामांचा आवाज.

“तुम्हालाच आणाया गेलाय की,” आई म्हणाली. “चुकामूक झाली म्हणायची. फोन लावते थांबा.”

माझा फोन बाहेर फ्रिजवर चार्जिंगला होता. तो तिथेच वाजला.

“घ्या! फोन इथंच ठेवून गेलं लेकरू.”

ओरडलो असतो तर प्रश्न सुटला असता, हे मला मान्य आहे. पण कल्पना करा राव. आईने सगळ्यांसमोर कडी काढायची आणि आतून पेट्या ओलांडत, बनियनवर, मी. मुलीच्या मामांसमोर. सोपा पर्याय समोर होता आणि मी नेहमीप्रमाणे अवघड घेतला. गुपचूप एकट्या तिला कळवायचं ठरवलं. मेसेजचं पान कॉम्प्युटरवरही उघडतं. तिचा नंबर गच्चीवर मिळाला होता, धाडस मात्र आजवर झालं नव्हतं.

खेळ मागे ठेवून मी पान उघडलं. पांढरा पडदा, मधोमध फिरणारं चक्र. बाहेर वडील पाण्याविषयी बोलत होते, म्हणजे काळेवाडीत पाणी कधी येतं याविषयी. त्यांच्याकडचे विषय संपत आल्याची ती खूण. चक्र फिरत होतं. शेवटी पान आलं. मी घाईने टाइप केलं. आमचं मराठी टायपिंग इंग्रजी अक्षरांतून होतं, त्यात एक ‘ए’ जास्त दाबला गेला. लिहायचं होतं ‘मी आत अडकलोय’. गेलं ते :

‘मी आता अडकलोय.’

तिचं उत्तर लगेच आलं. ‘आता अडकलाय म्हणजे? दुसरीकडे जमलंय का? तसं असेल तर सरळ सांगा. आम्ही पोहे खाऊन निघतो.’

त्याच क्षणी बाहेर फ्रिजवर माझा फोन टिंग वाजला.

उत्तर लिहायला घेतलं, ‘नाही नाही, आत म्हणजे खोलीत’, आणि कॉम्प्युटर गोठला. मागे ठेवलेल्या खेळात त्या बुटक्याच्या भावाने माझा नायक मारला होता आणि आता सगळं डंजन पहिल्यापासून लोड होत होतं. पट्टी मुंगीच्या पायांनी निघाली. माझं वाक्य अर्धं लिहिलेलं, बाण हलेना. स्वतःच्या करणीने, स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या अंथरुणाच्या ढिगामागे मी कोंडला गेलो होतो, आणि दाराच्या पलीकडे नेमकी तीच माझ्याबद्दल नको तो समज करून बसली होती.

मामा खाकरले. “न्हाई, पोराचं मन नसंल तर तसं सांगा. आमी काय वाईट वाटून घेणार न्हाई. पण घरी बोलवायचं आन पोरगं गायब, हे काय बरं दिसत न्हाई.”

“अहो तसं काही नाही,” वडील म्हणाले. त्यांचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता.

आता बास. खेळात गुप्त वाट शोधायला भिंती ठोकतात. मी दार ठोकलं. पण तेही घाबरत, एका बोटाने, टक टक.

“उंदीर हाय काय?” मामा.

“शेजारी फर्निचरचं काम चाललंय,” आई म्हणाली. रविवारी. माझी आई खोटं इतक्या सहज बोलते हे मला तेव्हा कळलं. वडिलांच्या त्या कागदात वाचनाचा छंद कुणी घालायला लावला असेल तेही.

मी हात उगारला, या वेळी दणका द्यायचा होता. तेवढ्यात फ्रिजवरचा फोन टिंग वाजला. थांबला. परत टिंग. मग परत.

मला नंतर तिनेच सांगितलं की तिने नुसत्या ठिपक्यांचे मेसेज पाठवून बघितले होते. पाठवला की फ्रिजवर वाजतो. म्हणजे फोन इथे. मग फोन नसलेला माणूस मघाशी टाइप कशावर करत होता?

“काकू,” तिचा आवाज आला, “घर बघू का जरा?”

“बघ की बाई. हे स्वयंपाकघर, इकडं मोरी…”

पावलं जवळ आली. दाराच्या अगदी पलीकडे थांबली.

“आणि ही खोली?”

“ती नको!” आई जवळजवळ ओरडली. “तिथं काय बघायचं. सगळी अडगळ हाय तिथं.”

“असू दे ना. अडगळही बघून घ्यावी.” तिचा आवाज आता दाराला टेकला होता. “नंतर कुरकुर नको.”

कडी सरकली. एका बोटाने.

दारात ती, तिच्या मागे आई, आईच्या मागे पोह्यांची बशी हातात घेतलेले मामा. आत मी, एक हात उगारलेला, खांद्यावर गादीतून निघालेला कापूस. माझ्यामागे पडद्यावर पट्टी भरली, लोडिंग संपलं, आणि नायक वरच्या पहिल्या दिव्यापाशी उभा राहिला. त्याच्याही अंगात चिलखत नव्हतं. मेल्यावर ते काढून घेतात.

आईने पदर तोंडाला लावला. मामांनी मला वरून खाली पाहिलं आणि विचारलं, “व्हय ओ, हाच का?”

“हाच,” ती म्हणाली. तिने माझ्या खांद्यापलीकडे पडद्याकडे पाहिलं. “वाचन चाललंय वाटतं.”

“त्यात… खाली वाक्यं येतात,” मी म्हणालो. याहून वाईट उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही.

पुढचं फार काही सांगण्यासारखं नाही. मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर बसलो, आणि मला कुणीही काहीही विचारलं नाही. ते जास्त लागलं. जाताना मामा “कळवतो” एवढंच म्हणाले. आईने पाहुणे वळणाआड जाईपर्यंत धीर धरला, मग बूट, पेट्या आणि मी यांचा एका दमात उद्धार केला. वडील म्हणाले, “निदान ओरडायचं तरी रे.” आणि बशीत उरलेले पोहे खात बसले.

मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. दार सताड उघडं होतं, पण कुठे जाणार? फोन या वेळी हातात होता. तिचं नाव उघडं, खाली माझं ते चुकीचं वाक्य, खाली तिचे ठिपके. घंगाळं पलंगावरच होतं. मी शर्टाच्या घड्या घातल्या, परत मोडल्या, परत घातल्या.

दिवेलागणीला फोन वाजला.

‘एक शंका आहे. रिपोर्ट देण्याआधी विचारते. ते वाक्य नीट सांगा. तुम्ही आत अडकला होता की आता?’

चाकणला ड्रॉइंग पाठवताना मी कधी इतकं तपासत नाही. शब्द लिहिला, प्रत्येक काना मोजला, पुसला, परत लिहिला.

‘आता.’

तिकडे ती काहीतरी लिहीत असल्याचं दिसत राहिलं. मग थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. पट्टी नव्हती, काही नव्हतं. मग आलं :

‘बरं. मग बाहेरून कडी घालून घेते.’