न परतलेला ससाणा

आमच्या गावात कुणी गेलं की घरच्यांना सांगायचं काम सेयितकालीकाकांचं. ‘मेला’ हा शब्द त्यांनी आयुष्यात उच्चारला नव्हता. आधी चहा घ्यायचे, गुराढोरांचं विचारायचे आणि मग हळूच म्हणायचे, "ससाणा उडाला, तो काही परतला नाही." समोरची बाई त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि हंबरडा फोडायची. त्यामुळे एरवी मीठ मागायला जरी ते दारात आले, तरी मी दार अडवून उभी राहायचे. "काका, आधी काम सांगा, मग आत या!" मी खुशाल ओरडायचे.

आणि नशिबानं त्यांचीच थट्टा केली. गेल्या हिवाळ्यात त्यांचा एकुलता एक मुलगा येरसाइन ट्रक उलटून त्यात गेला. दुपारच्या नमाजानंतर दफन होतं. अंगणात लोकरीच्या जाड नमद्याचा तंबू उभारून त्याला आत ठेवला होता, आम्ही बायका भोवती बसलो होतो. आमच्या रीतीप्रमाणे आईनं विलाप सुरू केल्याशिवाय आम्ही गळा कसा काढणार? आणि त्याची आई, आमची बाल्झानकाकू, घरात चुलीपाशी कणीक मळत होती. दोन वर्षांपासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. माणसं ओळखायची नाही, बोलण्याचा रोख कळायचा नाही. तिनं एकदा पोराचं तोंड बघावं, त्याला रडून निरोप द्यावा, एवढंच काकांना हवं होतं. मला सोबतीला घेऊन ते आत गेले.

"बाल्झान, आपला ससाणा उडाला गं. परतला नाही."

"आपण कधी ससाणा पाळला?" काकू हसली. "गेला तर जाऊ दे. दुसरा आणा."

"तो फार लांब गेला गं."

"मग जेवायला उशीर होणार म्हणा की!"

मला बघवेना. "काका, सरळ सांगा हो! अशानं तिला जन्मात कळायचं नाही."

काका तिच्यासमोर बसले. "येरसाइन मेला," ते म्हणाले.

काकूचे हात थांबले. कळलं बाई एकदाचं, असं मला वाटलं. तिनं कणकेचे हात पुसले, काकांच्या खांद्यावर ठेवले.

"अरेरे! त्याच्या आईला कळवलंत का?"

काकांनी मान हलवली. "नाही अजून."

"मग तुम्हीच जा हो," काकू म्हणाली. "आणि एकदम सांगू नका तिला. तुम्हाला जमतं ते."