पीटर सरांचं पेरणी यंत्र

"मॅडम, मी फेल झालो," इरफान म्हणाला आणि व्हिडिओ कॉलवर त्याने मान खाली घातली. मला नुसता त्याचा भांग दिसत होता.

मी क्लासमध्येच होते. यवतमाळला आर्णी रोडवर माझा दोन खोल्यांचा क्लास आहे. कॉलेजातून इंग्रजीची प्राध्यापक म्हणून रिटायर झाले, घरी बसून करमेना, मी घरी म्हणून नवऱ्यालाही करमेना, म्हणून परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना तयार करायला लागले. इंग्रजीची परीक्षा, अर्ज, मुलाखत आणि तिकडे गेल्यावर काय काय लिहावं लागतं ते, असा सगळा मामला. इरफान घाटंजीचा. त्याच्या वडिलांचं, सलीमभाईंचं, ट्रॅक्टर आणि शेतीची अवजारं दुरुस्त करायचं गॅरेज आहे. पोरगा इंजिनियर झाला, शिष्यवृत्ती मिळवली आणि शेती-यंत्रांचं एमएस्सी करायला इंग्लंडला गेला. गेला त्या दिवशी मी रडले होते. त्याला ते ठाऊक नाही.

"किती पडले?"

"बेचाळीस."

तिकडे एमएस्सीला पासिंग पन्नासला. एका विषयाला, म्हणजे त्यांच्या भाषेत मोड्यूलला, एकच लेखी असाइनमेंट होतं आणि सगळे मार्क त्याच्यावर. नापास झालं तर पुन्हा लिहून द्यायची संधी एकदाच मिळते, तिला रीसबमिशन म्हणतात. त्यातही गेलं तर मोड्यूल गेलं, मोड्यूल गेलं की शिष्यवृत्ती थांबणार, आणि शिष्यवृत्ती थांबली की पोरगं घाटंजीला परत. हे सगळं इरफानला माहीत होतं. म्हणून तर भांग दिसत होता.

बाहेरच्या लोकांना वाटतं, इंग्रजी चांगलं असलं की झालं. मीही आधी तेच समजायचे. मग माझी पोरं एकेका देशात पोचली आणि एकेकाचे फोन यायला लागले. अमेरिकेतल्या मुलीला दर आठवड्याला पानभर लिहून द्यावं लागतं, शिवाय वर्गात तोंड उघडण्याचेही मार्क असतात. ती मारेगावची, वर्गात तोंड उघडायचं नाही असं तिला बारा वर्षं शिकवलेलं. जर्मनीतला मुलगा सहा महिने कुणी काही विचारलंच नाही म्हणून खुशीत होता आणि शेवटी एकदम वीस पानांचा निबंध अंगावर आला. ऑस्ट्रेलियात चौघांनी मिळून रिपोर्ट लिहायचा आणि मग प्रत्येकाने वेगळं लिहून द्यायचं की या कामात मी काय शिकलो, माझं काय चुकलं. स्वतःचं चुकलेलं स्वतःच लिहून सरांना द्यायचं म्हटल्यावर आमच्या पोरांना घाम फुटतो.

इरफानचं असाइनमेंट होतं क्रिटिकल रिव्ह्यू. म्हणजे एक शोधनिबंध वाचायचा आणि त्यात काय पटलं, काय नाही, पुरावा कुठे कमी पडला ते लिहायचं. मी त्याला लिहिलेलं पाठवायला सांगितलं.

वाचून मला हसावं की रडावं कळेना. पहिलं वाक्य, शेती हा मानवाचा प्राचीन व्यवसाय आहे. मग पेरणीचा इतिहास. मग त्या शोधनिबंधाचे आठ गुण, मुद्देसूद, प्रत्येकाला ठळक शीर्षक. शेवटी दोष. दोष दोन होते. एक, काही आलेखांची अक्षरं लहान आहेत. दोन, हे संशोधन आणखी आधी व्हायला हवं होतं. समारोपात लेखकाच्या दीर्घ संशोधन-कारकिर्दीला शुभेच्छा. आमच्या विद्यापीठात मी पेपर तपासत असते तर दहापैकी आठ दिले असते, ठळक शीर्षकांसाठी अर्धा जास्त.

खाली तिथल्या सरांनी लिहिलं होतं की सारांश उत्तम झालाय, पण तुझं मत मला कुठे सापडलं नाही.

मी त्याला कॉल लावला आणि सांगितलं, "अरे बाबा, त्यांना आरती नको आहे. खोट काढ."

दोन दिवसांनी नवा मसुदा आला. पहिलंच वाक्य असं की हे संशोधन पूर्णपणे निरुपयोगी असून लेखकास या विषयाचं काडीचंही ज्ञान नाही. पुढे आणखी दोन पानं तोच सूर. शेवटी लेखकाने माफी मागावी एवढंच लिहायचं राहिलं होतं. मी कपाळावर हात मारला. आपल्याकडे लिहायचे दोनच सूर शिकवलेत, एक सत्काराचा आणि एक निषेधाचा. मधलं काही पोराने कधी कुठे वाचलेलंच नव्हतं.

तो म्हणाला, मॅडम, तुम्हीच दुरुस्त करून द्या ना. मी साफ नाही म्हटलं. तिकडे दुसऱ्याने लिहून दिलेलं आपलं म्हणून देणं हा गुन्हा धरतात, नुसता फेल होण्यापेक्षा वाईट. माझा नियम ठरलेला आहे. मी वाचते, प्रश्न विचारते, पेन उचलत नाही. त्याने कॉल बंद केला. मग फोनच उचलेना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सलीमभाई स्वतः क्लासवर आले. घाटंजीहून एसटीने. हातांना ग्रीस तसंच होतं, म्हणजे गॅरेज अर्धवट टाकून निघालेले.

"मॅडम, पोरगं जेवून नाही राह्यलं," ते म्हणाले. "त्याची अम्मी रडून राह्यली. काय भानगड हाय मले समजलं नाही. तुमीच बोला."

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि टेबलावर फोन उभा करून कॉल लावला. अब्बा समोर बसलेत असा मेसेज टाकल्यावर इरफानला तो उचलावाच लागला. तिकडे दुपार होती. अंगात जाड, करड्या रंगाचा कोट, दोन मापांनी मोठा.

मी आधी त्याला तो शोधनिबंध काय आहे ते सलीमभाईंना कळेल असं सांगायला लावलं. इरफानने सांगितलं. छोट्या शेतकऱ्यांसाठी कमी खर्चाचं पेरणी यंत्र, लहान ट्रॅक्टरमागे जोडायचं. त्याला मागे एक चाक असतं. ते बियाण्यावर माती दाबत जातं आणि त्याच चाकाच्या फिरण्यावर पेटीतून बी खाली पडतं. उष्ण, कोरडवाहू भागांसाठी यंत्र फार उपयोगी आहे, असा निष्कर्ष.

सलीमभाईंनी विचारलं, "काळ्या मातीत चालून पाह्यलं का?"

"नाही अब्बा. त्यायच्या कॉलेजच्या वावरात. रेतीची जमीन हाय."

"मंग चिखल झाल्यावर चाक जाम होईन."

"हो, मले मालूम हाय. चाक जाम झालं का बी पडनच बंद होते."

मी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. घाटंजीच्या आसपास पेरणीच्या दिवसांत वापसा नीट झाला नाही, म्हणजे जमीन पेरण्याजोगी सुकली नाही, तरी लोक घाईने यंत्र घालतात आणि चाकं लिंपून गॅरेजच्या दारात आणतात. पोरगं शाळेत होतं तेव्हापासून ही चाकं खरवडत आलेलं. म्हणजे निबंधात प्रश्न कुठे विचारायचा ते त्याला पहिल्या वाचनातच दिसलं होतं.

"हे तू लिहिलं का नाहीस?" माझा आवाज चढला. "आलेखाची अक्षरं लहान आहेत म्हणून लिहिलंस ना?"

तो कोटाचं बटण चाचपत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तो पेपर पीटर सरचाच हाय. आमचे सर. तेच तपासनार."

आता मला कळलं. तिकडे प्राध्यापक स्वतःचाच निबंध मुलांना खोट काढायला देतात, ती त्यांची रीत आहे. आपल्याकडे प्राध्यापकाचा निबंध छापून आला की फ्रेम करून भिंतीवर लागतो. इरफानच्या वर्गातल्या एका चिनी मुलीनेही नुसतं कौतुकच लिहून दिलं होतं. स्पेनच्या मुलाने पहिल्या ओळीतच सरांना उडवलं आणि वर बहात्तर मार्क घेतले.

पण इरफानची अडचण नुसती भीतीची नव्हती. तो पहिल्यांदा उतरला तेव्हा हे पीटर सर त्याला घ्यायला स्टेशनवर आले होते. पोरगं हाफ स्वेटरवर कुडकुडतंय बघून त्यांनी अंगातला कोट काढून दिला होता. तोच हा कोट.

"त्यायचा कोट घालून त्यायच्याच पेपरात खोट कशी काढू मॅडम?" इरफान म्हणाला. "मले नाही जमत. दुसऱ्या कोनाचा पेपर असता तं लिहिलं असतं."

मला खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला. आणि रागही आला. इतकं सरळ पोर अशा कारणाने परत यायचं म्हणजे काय. मी म्हटलं, "बरं, मला एक सांग. गॅरेजमध्ये अब्बांचं कधी चुकायचं की नाही?"

त्याने वडिलांकडे पाहिलं.

"सांग ना," सलीमभाई म्हणाले.

"कधी कधी."

"मग तू काय करायचास? गप्प बसायचास?"

"गप्प कसं बसू मॅडम, लोकायचा ट्रॅक्टर असते. पन अब्बाले चुकलं नाही म्हनत. अब्बानं जे जे केलं ते पह्यले सगळं बोलून दाखवतो. हे बदललं, हे कसलं, बरोबर हाय. मंग म्हनतो, फक्त एक डाव लोड देऊन चालवून पाहू का? चालवलं का अब्बाले सोताच समजते."

सलीमभाई खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजे तू लोड देऊन पाहू म्हनायचा, तवा माह्यं चुकलेलं राहे?"

"दरवेळी नाही अब्बा."

"मी समजो, पोरगं शिकून राह्यलं."

मी हसू दाबलं. सलीमभाई मात्र हसत नव्हते. ते हातावरचं ग्रीस अंगठ्याने घासत होते. इतक्या वर्षांच्या ट्रॅक्टरांचा हिशोब त्यांच्या डोक्यात चालला असावा. शेवटी त्यांनी वर पाहिलं.

"मले कधी राग आला का?"

"नाही अब्बा."

"मंग त्या सरले काहून येईन?"

"तुमी घरचे हा. ते परके हाय."

"अंगातला कोट काढून देनारा परका कसा रे?" सलीमभाई म्हणाले. "त्याचं यंत्र उद्या आपल्या वावरात जाम पडलं आन् तुले आधीच मालूम होतं, तं तो म्हनन ना, पोरा, मले सांगतलं काहून नाही? बेटा, खा लो पहले. फिर लिखो."

इरफानने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. मीही चष्मा काढून पुसला. सलीमभाई उठून बोर्डावरचं इंग्रजी वाचल्यासारखं करत उभे राहिले.

मग मी फक्त माझ्या धंद्याचा भाग सांगितला. तू गॅरेजमध्ये जे करतोस, तेच लिहायचं. आधी लेखकाने काय केलं ते प्रामाणिकपणे मांड, कुठे पटतं ते सांग, मग ज्या ठिकाणी चालवून पाहिलेलं नाही तिथे बोट ठेव. त्याला ते मूल्यमापन म्हणतात. आणि प्रत्येक शंकेला आधार दे. 'आमच्याकडे असं होतं' एवढ्यावर तिकडे भागत नाही, काळ्या मातीवरचे दुसरे निबंध शोधावे लागतील. तो म्हणाला, शोधतो. आणि हो, सुरुवातीचा मानवाचा प्राचीन व्यवसाय काढून टाक.

पुढचे मसुदे मी वाचले, प्रश्न विचारले, पेन उचललं नाही. एकदा त्याने 'आदरणीय पीटर सरांच्या मते' असं लिहिलं होतं. मी विचारलं, निबंधावर लेखकाचं नाव कसं छापलंय? पुढच्या मसुद्यात आदरणीय गेलं. पण ईमेल लिहिताना तो अजूनही रिस्पेक्टेड पीटर सरच लिहितो, आणि ते मी सोडून दिलं.

निकाल आला. पन्नास.

सलीमभाईंचा फोन आला, मॅडम, एवढी मेहनत केली आन् काठावरच? मी समजावलं की रीसबमिशनला पन्नासच्या वर मार्क देतच नाहीत, कितीही चांगलं लिहा. त्याला कॅप म्हणतात. एरवी हे अडुसष्टचं काम होतं, असं सरांनी खाली नमूद केलं होतं. मातीचा प्रश्न बरोबर आहे, आम्ही तो तपासायलाच हवा होता, असंही लिहिलं होतं. बी किती खोल पडतं याबद्दलचा इरफानचा आक्षेप मात्र त्यांनी चार ओळींत खोडून काढला होता, पुराव्यासकट. इरफानला सगळ्यात जास्त आनंद त्या चार ओळींचा झाला. म्हणाला, मॅडम, सर माह्याशी भांडले.

शिष्यवृत्ती चालू राहिली. पुढच्या सत्राच्या प्रोजेक्टला त्याने चिकट जमिनीत न लिंपणाऱ्या चाकाचा विषय घेतला आहे आणि मार्गदर्शक पीटर सरच आहेत. सलीमभाई फोनवरून त्याला सूचना देत असतात. त्यातल्या काही चुकीच्या असतात, असं ऐकते.

या प्रकरणानंतर मी क्लासमध्ये एक बदल केला. पहिल्याच आठवड्यात मुलांना माझाच एक नमुना-निबंध देते आणि त्यातली खोट काढायला सांगते. विषय आहे खेड्यातलं जीवन. बरीच वर्षं मी तो मोठ्या प्रेमाने वाटत होते. पहिल्या बॅचला सगळे खाली बघत बसले. मी म्हटलं, कुणीतरी बोलल्याशिवाय आज सुट्टी नाही. तेव्हा राजूरची एक मुलगी उभी राहिली. अंगकाठी एवढीशी, आवाज त्याहून लहान.

"मॅडम, यात नळाले चोवीस तास पानी हाय, हवा शुद्ध हाय, आन् कोनी कोनाशी भांडत नाही," ती म्हणाली. "हे कोनतं गाव हाय?"

वर्ग हसला. मीही हसले, पण जरा उशिरा. खोट काढायला शिकवणं सोपं आहे, ती ऐकून घ्यायला मला अजून सराव हवा.