लाल गाडीच्या स्प्रिंगा आणि धोंड्याचं जेवण

मी नांदेडात शाळेच्या गणवेशाचं दुकान चालवतो आणि माझ्याकडे दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार आहे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या असू शकत नाहीत, असं माझ्या बायकोचं, म्हणजे सुनीताचं, ठाम मत आहे.

गाडी सेकंडहँड. हैदराबादच्या एका हौशी माणसाकडून घेतलेली. तिकडच्या रस्त्यांवर ती लाडाकोडात वाढली होती. नांदेडात आली आणि आठवड्याभरात कण्हायला लागली. खड्ड्यात चाक गेलं की पुढून 'खट्', मागून 'खडाड्' आणि शेजारच्या सीटवरून "आई गंऽ!" पहिले दोन आवाज मी गाणी मोठ्यानं लावून झाकत होतो. तिसऱ्यावर काही उपाय नव्हता, कारण तो आवाज स्वतःच गाणी बंद करायचा.

"अहो, ह्या गाडीचं कायतरी करा, न्हाई तर विका," एके दिवशी सुनीता कमरेला हात लावून म्हणाली. ती अर्धापूरच्या शाळेत शिकवते, त्यामुळे घरातसुद्धा निकाल लावूनच मोकळी होते. "अधिक महिना लागून राहिलाय. माझ्या वडलांनी धोंड्याला बोलावलंय. गाडी कुठं न घासता, कुणी न ढकलता माहेरी जाऊन आली, तर ठेवू. घासली किंवा कुणी हात लावून ढकलली, तर विकायची. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. (दुसरं काय म्हणणार? जेवण वाढायचं बाकी होतं.)

अधिक महिन्यात आमच्या मराठवाड्यात जावयाचा भाव एकदम वधारतो. एरवी ज्याला कुणी 'बस' म्हणत नाही, त्याला पाटावर बसवून, ओवाळून, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. आणि अशा वेळी मी कुठल्या गाडीतून उतरतो, याला महत्त्व होतं. कारण माझे साडू, लातूरचे दत्ताभाऊ, डाळीचे व्यापारी, दरवेळी एका पांढऱ्या, उंच, शिडी लावून चढावं अशा गाडीतून उतरायचे. लाल गाडी विकून मी पुन्हा एसटीनं गेलो असतो, तर त्यांनी मला स्टँडवर न्यायला यायचा मोठेपणा केला असता. ते मला सहन झालं नसतं!

मी थेट फारूकभाईंचं गॅरेज गाठलं. फारूकभाई गाडीखाली शिरले, बाहेर आले आणि डॉक्टरांसारखा चेहरा करून म्हणाले, "शेठ, शॉकअप गेले."

"मग बदला."

"ओरिजिनल टाकू?" त्यांनी किंमत सांगितली. तेवढ्या पैशांत मी दुकानावर एक मजला चढवला असता. "मग गाडीची उंची वर-खाली करता येते तो अख्खा सेट टाकू?" त्यात मजला नाही, पण जिना नक्की झाला असता!

"फारूकभाई, मला शर्यतीत जायचं न्हाई. लोह्यावरून सासुरवाडीला जायचंय. परवडंल असं कायतरी सांगा."

"मग शेठ, शॉकअप मी साधे बसवतो आन् स्प्रिंगा तेवढ्या स्पोर्टवाल्या टाकू. गाडी वळणावर झुकणार न्हाई, आन् दोन बोटं खाली बसंल. काय रुबाब येतो, माहीत हाय का?"

"खाली? अहो, रस्त्यावर चालवायचीय मला!"

"रस्त्यावरच तर रुबाब दिसतो, शेठ! घरात कोण बघायला येतंय?"

ते मला पटलं. तरी दुसरा सल्ला घ्यावा म्हणून मी दत्ताभाऊंना फोन लावला. (माणसाची बुद्धी फिरते, ती अशी.)

"पाटे टाका, पाटे!" दत्ताभाऊ तिकडून ओरडले. "ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला असतात तसे. उसाखाली वाकत न्हाईत, तुमच्याखाली काय वाकतील?"

त्या शेवटच्या वाक्यामुळेच मी स्प्रिंगा घ्यायचं पक्कं केलं.

"बरं शेठ," फारूकभाई कान खाजवत म्हणाले, "वजन किती तुमचं? चालवणाऱ्याचं वजन बघून स्प्रिंग मागवावी लागती."

"बहात्तर," मी म्हणालो. (होतं ना! लग्नात होतं.)

फारूकभाईंनी माझ्या शर्टाकडे पाहिलं. दोन बटनांच्या मध्ये बनियन दिसत होतं. मग ते मोठ्या अदबीनं म्हणाले, "बहात्तर. गिऱ्हाइकाचा शब्द आपण मोडत न्हाई."

स्प्रिंगा बसल्या. गाडी अशी काही देखणी दिसायला लागली की फारूकभाईंनी स्वतःच तिचे फोटो काढले. मी दुकानदार माणूस. गळ्यात टेप असतोच. वाकलो, गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. भरपूर जागा! मी रोज दुकानात आयांना बजावून सांगतो, "ताई, एक साइज वाढीव घ्या, पोरगं वाढतं." त्याच मी गाडीचं माप घेतलं, तेव्हा गाडीत कुणीच बसलेलं नव्हतं. हे त्या घडीला माझ्या ध्यानातच आलं नाही. वाकल्यामुळे रक्त डोक्यात उतरलं असावं.

धोंड्याच्या दिवशी आम्ही निघालो. मागच्या नावापुरत्या सीटवर अर्धापूरच्या केळ्यांची पेटी. लोहा गेलं, अहमदपूर आलं. ना खट्, ना खडाड्. गाडी जराशी कडक लागत होती, पण रस्त्याला घट्ट धरून पळत होती. आणि शेजारी सुनीता चक्क झोपली होती! माझ्या गाडीत झोपणारी ती पहिली व्यक्ती. मला इतका आनंद झाला की तिला उठवून सांगावंसं वाटलं.

रेणापूरच्या अलीकडे सासऱ्यांचं गाव. गावात शिरलो आणि समोर तो दिसला. गतिरोधक! माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, स्वतः पाठपुरावा करून घरासमोर घालून घेतलेला. सोयाबीनचे टेम्पो भरधाव जायचे आणि मामांच्या कोंबड्या घाबरायच्या, म्हणून. काम चालू असताना मामा समोर खुर्ची टाकून बसले होते म्हणे, आणि "अजून घाला, अजून घाला," म्हणत होते. तो गतिरोधक नव्हताच. रस्त्याला आलेलं आवाळू होतं.

मी गाडी थांबवली. "सुनीता, माहेर आलं. इथून चालत जा की! केळ्यांची पेटी घेऊन गेलीस तर चार बाया बघतील."

"माझ्या माहेरी मला कोण बघायचं राहिलंय?" असं म्हणत ती उतरली खरी. ती पुढं गेल्यावर मी गाडी तिरपी घातली, एकेक चाक चढवलं आणि पार झालो. शेवटी खालून अगदी बारीक 'खर्र' आलं. मी जोरात खोकलो.

"घासली का?" सुनीता मागं वळली.

"घसा! धूळ लई हाय तुमच्या गावात."

त्यानंतर जे घडलं त्याला जेवण म्हणणं म्हणजे त्याचा अपमान आहे. सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, ओवाळलं, दिवा दिला, ताटाभोवती रांगोळी. धोंडे आले. त्यावर तूप आलं. मी "बस" म्हणालो, तेव्हा मामी म्हणाल्या, "जावईबापू, अधिकात न्हाई म्हणू न्हाई." तिकडून दत्ताभाऊ म्हणाले, "वाढा, वाढा, नांदेडची मंडळी नाजूक असत्यात!" झालं! मला नाजूक म्हणतो काय! मी पुढचे किती खाल्ले ते मोजलं नाही, पण दत्ताभाऊ हात धुवायला गेले तेव्हा मी अजून ताटावर होतो. जिंकलो होतो! फक्त उठता येत नव्हतं. मामांनी एक हात धरला, दत्ताभाऊंनी दुसरा.

परतताना गाडीत वाण चढलं. तेहतीस अनारशांचा डबा, तांब्याची कळशी, मला कापड, सुनीताला साडी, आणि वर दत्ताभाऊंनी प्रेमानं दिलेलं तूरडाळीचं पोतं. मी कसाबसा स्टिअरिंगमागं बसलो. गाडी 'हूं' करून खाली गेली. सुनीता बसली. मामी निरोप द्यायला, मामा गतिरोधक दाखवायला बाहेर आले.

"सावकाश बरं का पाव्हणं! असा ब्रेकर साऱ्या तालुक्यात न्हाई!"

पुढची चाकं चढली, उतरली आणि गाडी थांबली. पुढं जाईना, मागं येईना. गाडीचं पोट बरोब्बर आवाळूवर टेकलं होतं. दोघंही, गाडी आणि मी, जेवून सुस्त!

"घासली," सुनीता शांतपणे म्हणाली.

"टेकली! घासायला हलावं लागतं. कुठं हलतीय?"

"बरं. आता ढकलली तर?"

तेवढ्यात गाव जमलं. मागं एक ट्रॅक्टर, त्याच्या मागं दुधाचा टेम्पो, त्याच्या मागं सगळ्यांचे हॉर्न. चार गडी बाह्या सरसावून धावले. "चला रे, जावयाची गाडी ढकलू!"

"हात लावू नका!" मी काचेतून किंचाळलो. "कुणीही हात लावायचा न्हाई!"

"का हो, शॉक बसतोय का?" एकानं हात मागं घेत विचारलं. गर्दीत लगेच पसरलं की नांदेडच्या जावयाची गाडी बॅटरीची आहे आणि तिच्यात करंट उतरलाय. दोघांनी चपला तपासल्या.

"म्हणलं होतं पाटे टाका," दत्ताभाऊ म्हणाले.

मग सामान उतरवणं सुरू झालं. पोतं काढलं. जैसे थे. कळशी, कापड, साडी काढली. जैसे थे. मामा वाकून खाली बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. ती गतिरोधकाची होती. अनारशांचा डबा काढला. (त्यातले तीन मी गर्दीला शांत करण्यासाठी वाटले. एक स्वतःला.) सुनीता उतरली. मी हळूच क्लच सोडला. खालून असा आवाज आला की मामांच्या कोंबड्या एकदम ओरडल्या.

माझं तोंड उतरलं. गेली माझी गाडी! डोळ्यांसमोर एसटी दिसायला लागली, आणि स्टँडवर न्यायला आलेली ती पांढरी शिडीची गाडी.

इतका वेळ पदर तोंडाला लावून उभ्या असलेल्या मामी तेव्हा बोलल्या. "सगळं उतरवलं, मग पाव्हण्यालाच का ठेवलंय आत?"

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मग ट्रॅक्टरवाला म्हणाला, "हो की!"

मी उतरलो. म्हणजे एक पाय बाहेर काढला, दार धरलं, मामांनी हात दिला आणि मी उभा राहिलो. आणि सगळ्या गावादेखत गाडीनं हुश्श करून अंग वर उचललं! गतिरोधक आणि गाडी यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसायला लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एवढी बेअब्रू माझी मॅट्रिकला गणितात नापास झालो तेव्हाही झाली नव्हती.

सुनीता आत बसली, पदर खोचला, आरसा स्वतःच्या मापाचा केला आणि गाडी सुळकन पलीकडे नेली. ना खट्, ना खर्र, ना कुणाचा हात. पुढच्या वळणापर्यंत एक फेरी मारून आली, ती हसतच.

"चांगली हाय हो गाडी! वळणावर बिलकूल झुकत न्हाई," ती म्हणाली. "विकायची न्हाई."

मला भरून आलं. "खरंच? अगं, मी म्हणालो होतो ना! सरक तिकडं."

"सरकू कुठं? पुढं अहमदपूरपर्यंत काय कमी ब्रेकर हायत?"

मी नांदेडला परतलो तो दत्ताभाऊंच्या पांढऱ्या गाडीतून, मांडीवर तूरडाळीचं पोतं घेऊन. ते मुद्दाम वाट वाकडी करून सोडायला आले. चढताना त्यांनी मला खरोखरच हात दिला. पुढं सुनीताची लाल गाडी होती. थोड्या वेळानं तीही दिसेनाशी झाली.

आता सुनीता रोज अर्धापूरला लाल गाडीनं जाते. सगळी शाळा खिडकीत येते म्हणे. फारूकभाई तिला 'मॅडम' म्हणतात, मला अजून 'शेठ' म्हणतात, पण डोळे खाली घालून. मी तिच्या जुन्या स्कुटीवर दुकानात जातो. परवा स्कुटीचा मागचा शॉकअप बसला, म्हणून ती गॅरेजला नेली. फारूकभाईंनी पाना बाजूला ठेवला, घसा साफ केला आणि विचारलं, "शेठ, या वेळी खरं सांगा. वजन?"

मी पोट आत घेतलं आणि म्हणालो, "बहात्तर."