बकरीपुरती अक्कल

ठेच लागली तर तर्कमास्तर दगडाला शिवी देत नसत. "तो कालपासून इथीच आहे, नवा मीच आलो," म्हणत अंगठा चोळत बसत. चंद्रपूरच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून ते मूल तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला आले होते. गावानं त्यांना हे नाव तेवढं दिलं, कान मात्र दिला नाही.

माणसाबद्दल त्यांचं मत ठरलेलं. "जनावर चुकते, मंग थांबते. माणूस चुकते, मंग कारण शोधते."

मी तेव्हा नवी सून. दहावी पास, म्हणजे जगातलं सगळं आपल्याला कळतं. त्या उन्हाळ्यात नाल्यापलीकडे वाघ फिरत होता, आणि वाकून मोहफुलं वेचणारी बाई वाघाला गुरासारखीच दिसते. पण मोह नुसता गळत होता, आणि कुठल्याशा बाबानं वाघ शिवणार नाही असा काळा दोरा गावभर वाटला होता. तो मनगटाला बांधून, टोपली घेऊन मी पहाटे निघाले. मास्तर ओट्यावर दात घासत होते.

"सूनबाई, दोरा पक्का आहे?"

"पक्का आहे."

"मंग आज बकरीच्या गळ्यात बांध, अन् तिले एकटी पाठव नाल्यापलीकडं."

बकरी माझी लाडकी, माहेराहून आणलेली. "तिले काऊन पाठवू? वाघ खाईन ना तिले."

मास्तरांनी शांतपणे चूळ भरली. "बकरीपुरती अक्कल आहे तुले. आता थोडी सोतापुरती पाहा."

मी तणतणत घरी परतले. बाकीच्या बाया टोपल्या भरभरून आल्या, तेव्हा मी मास्तरांना मनात काय काय म्हटलं, ते नातवंडं वाचतील म्हणून लिहीत नाही.

पुढच्या आठवड्यात वाघ नाल्यापलीकडच्या त्याच मोहाखाली आला. सापडला खुद्द बाबा. तो झाडावर चढला, आणि फॉरेस्टवाले येईपर्यंत उतरला नाही. गाव म्हणालं, बघा दोऱ्याची ताकद. दोरा मागायला आणखी रांग लागली. मीही त्या रांगेकडे दोनदा वळून पाहिलं, खोटं कशाला बोलू.

"वाचवलं झाडानं," मास्तर म्हणाले, "अन् नारळ फुटून राह्यले बाबासमोर."

म्हातारपणी त्यांची मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. मी बसपर्यंत गेले.

"मास्तर, तुमच्यामुळं जिवंत आहो मी."

"पुरावा काय?"

"मीच तं आहो ना समोर."

"एका उदाहरणानं काई सिद्ध होत नाई, बाई."

बस सुटली. बाकीचे प्रवासी खिडकीतून हात हलवत होते. मास्तर नकाराचं बोट हलवत होते, पार वळण येईपर्यंत.